आठ आठवड्यांचे पाहुणे

२०१८च्या ऑगस्टमध्ये माझी पुण्याची मामेबहीण आणि मी, दोघींनी एकाच आठवड्यात ब्रिटनच्या विद्यार्थी-व्हिसासाठी अर्ज केला. ती उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एम.एस्सी.साठी निघाली होती. मी पेनसिल्व्हेनियातल्या माझ्या छोट्या कॉलेजचे तिसरे वर्ष ऑक्सफर्डमध्ये काढण्यासाठी न्यू जर्सीहून निघाले होते. व्हिसाचा प्रकार दोघींचा एकच होता. तिला मात्र ठरवून दिलेल्या केंद्रात जाऊन क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागली, छातीचा एक्स-रे काढावा लागला, आणि शुल्काची व राहण्याच्या खर्चाची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असल्याचा बँकेचा दाखला जोडावा लागला. त्या २८ दिवसांत मामाने त्या खात्याला कोणालाही हात लावू दिला नाही. माझ्याकडे यातले काहीच मागितले गेले नाही. अमेरिकन नागरिकांना क्षयरोगाची तपासणी नव्हती, आणि ‘कमी जोखमीच्या’ देशांच्या यादीत अमेरिका असल्यामुळे पैशांचे कागदही अर्जासोबत जोडायचे नव्हते. त्याच जुलैत त्या यादीत चीन, बहारीन, सर्बिया अशा आणखी काही देशांची भर पडली होती. भारत बाहेरच राहिला होता. मी आरोग्यसेवेचा अधिभार म्हणून १५० पौंड भरले, पासपोर्ट टपालाने पाठवला आणि वाट पाहत बसले. मामेबहिणीला फोनवर हे सांगताना मला उगाचच अपराधी वाटत होते.

बोटांचे ठसे देण्यासाठी मला ज्या केंद्रात जावे लागले ते अमेरिकेच्याच नागरिकत्व खात्याचे होते, आणि तसल्याच केंद्रात आम्ही आधीही जाऊन आलो होतो. काकांनी केलेल्या अर्जावर कित्येक वर्षांनी ग्रीनकार्ड मिळाले तेव्हा, २०११मध्ये, सातवीची परीक्षा देऊन मी आईबाबांबरोबर पुणे सोडले. २०१६मध्ये बाबांनी नागरिकत्व घेतले. मला अजून अठरा पूर्ण झाली नव्हती, म्हणून त्यांच्यामागोमाग मलाही ते आपोआप मिळाले. आईने भारतीय पासपोर्ट सोडला नाही. हे सगळे सांगण्याचे कारण एवढेच, की ऑक्सफर्डमध्ये ‘अमेरिकन विद्यार्थिनी’ म्हणून माझी जी नोंद झाली ती ओळख मला स्वतःला तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती.

अमेरिकन कॉलेजांमध्ये तिसरे वर्ष किंवा त्यातला एखादा भाग परदेशात काढण्याची पद्धत रुळलेली आहे, आणि ऑक्सफर्डची अनेक कॉलेजे अशा विद्यार्थ्यांना ‘व्हिजिटिंग स्टुडंट’ म्हणून वर्षभरासाठी घेतात. गुणपत्रक, दोन प्राध्यापकांची शिफारसपत्रे आणि स्वतः लिहिलेला एखादा निबंध पाठवायचा. निवड विद्यापीठ करत नाही, कॉलेज करते. ऑक्सफर्डला अमेरिकन माणूस काही नवा नाही. १९०४पासून ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर अमेरिकन विद्यार्थी तिथे येत आले आहेत, आज त्यांची संख्या वर्षाला ३२ आहे; १९६८मध्ये आलेले बिल क्लिंटन त्यांतलेच, आणि ज्यांच्या नावाने फुलब्राइट शिष्यवृत्ती चालते ते सिनेटर फुलब्राइटही त्यांतलेच. पण ते पदवीसाठी आलेले, निवडून आणलेले लोक. आमची गोष्ट वेगळी होती. आम्हांला पदवी मिळणार नव्हती, विद्यापीठाची परीक्षा नव्हती, शुल्क मात्र भरभक्कम होते. घरमालकाने पाहुणा म्हणावे आणि महिन्याच्या एक तारखेला भाडे घ्यावे, तशी काहीशी आमची अवस्था होती, आणि ती कोणी बोलून दाखवत नसले तरी आम्हांला पहिल्या पंधरवड्यातच कळली.

कॉलेजने आम्हां अकरा अमेरिकनांची सोय मुख्य इमारतीपासून वीस मिनिटांच्या अंतरावर, इफ्ली रोडवरच्या एका जुन्या घरात केली होती. ब्रिटिश विद्यार्थ्यांमध्ये मिसळायला म्हणून आलेली मुले अशी एका छपराखाली आपापसांत राहू लागली. जागेची अडचण असते हे मला मान्य आहे. पण ज्या वर्षासाठी लोक कर्ज काढून येतात त्या वर्षाची पहिली ओळख सगळ्या अमेरिकनांच्याच एका स्वयंपाकघरात व्हावी, हे मला आजही पटत नाही. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस, शनिवारी, नव्या विद्यार्थ्यांचा नोंदणीसमारंभ होतो. काळा पोशाख, पांढरा शर्ट, गळ्याला पांढरा बो किंवा काळी फीत आणि वर काळा झगा अशा वेशात शेकडो मुले शेल्डोनियन थिएटरकडे चालत जातात. आम्ही पदवीचे विद्यार्थी नसल्यामुळे आमची ही नोंदणी नव्हती. आम्ही ब्रॉड स्ट्रीटच्या कडेला पर्यटकांमध्ये उभे राहिलो, आणि एका जपानी कुटुंबाने आपला फोटो काढण्यासाठी कॅमेरा माझ्याच हातात दिला.

मुख्य दारावरच्या लॉजमधले पोर्टर, म्हणजे कॉलेजचे रखवालदार, मात्र पहिल्या दिवसापासून आमच्याशी सरळ वागले. त्यांतले एक साठीतले गृहस्थ ऑक्सफर्डच्या उत्तरेला, अपर हेफर्डच्या विमानतळाजवळ वाढलेले होते. तो तळ १९९४पर्यंत अमेरिकन हवाई दलाकडे होता, आणि त्यांची मावशी तिथल्याच एका अमेरिकन सैनिकाशी लग्न करून टेक्सासला गेली होती. अमेरिकन माणूस म्हणजे काय याची त्यांची कल्पना पुस्तकांतून किंवा पडद्यावरून आलेली नव्हती. ती मोठ्या आवाजाच्या गाड्या, च्युइंगगम आणि मावशीची नाताळातली पत्रे यांतून आली होती. माझ्याकडे बघून ते पहिल्यांदा थोडे थबकले, मी तोंड उघडल्यावर निश्चिंत झाले, आणि मग वर्षभर ‘जर्सी’ याच नावाने मला हाक मारत राहिले.

माझ्या चेहऱ्यावरून कोणालाही मी अमेरिकन वाटले नाही आणि माझ्या आवाजावरून कोणालाही मी दुसरे काही वाटले नाही, हे पुढे रोजचेच झाले. दुकानात, बसमध्ये, ग्रंथालयाच्या काउंटरवर पहिले वाक्य बोलेपर्यंत मी एक होते आणि नंतर दुसरीच. लेस्टरच्या एका गुजराती मुलीशी माझी लवकर मैत्री झाली. तिचे आजीआजोबा १९७२मध्ये युगांडातून हाकलले गेले तेव्हा इंग्लंडला आले होते. तिला माझे अमेरिकन उच्चार इतके गंमतीचे वाटत की ती मला ‘वॉटर’ आणि ‘टोमॅटो’ हे शब्द पुनःपुन्हा म्हणायला लावी. मी तिच्यासमोर आईशी फोनवर मराठीत बोलले तेव्हा ती थक्क होऊन म्हणाली, “म्हणजे तू खरीच आहेस!”

इतर प्रश्न ठरलेले होते. सिनेमातल्या पार्ट्यांत दिसतात ते लाल प्लास्टिकचे पेले खरोखर असतात का, शाळेच्या बस खरोखर पिवळ्या असतात का, आणि घरात बंदूक आहे का. आणि अर्थात ट्रम्प. पबमध्ये ओळख होऊन पाच मिनिटे झाली की कोणीतरी अगदी सौजन्याने, जणू एखाद्याच्या घरातल्या दुखण्याची चौकशी करावी तसे, राष्ट्राध्यक्षांविषयी विचारी. मतदानाचे वय होण्याआधीच झालेल्या निवडणुकीचा जाब मी कित्येकांना दिला. उलट ब्रेक्झिटविषयी आम्ही विचारले की समोरचा माणूस “ते जाऊ द्या” असे पुटपुटून पेला भरून आणायला उठे. ग्रंथालयात मोठ्याने बोलणारे लोक म्हणजे अमेरिकन, हे तिथे गृहीतच असते. खेदाची गोष्ट अशी की निदान आमच्या घरातल्या दोघांनी हे गृहीतक वर्षभर खरे करून दाखवले.

खरी कसोटी ट्यूटोरियलची, म्हणजे एक-दोन विद्यार्थ्यांनी ट्यूटरसमोर, आपल्या शिक्षकासमोर, बसून करायच्या चर्चेची होती. ऑक्सफर्डची टर्म आठ आठवड्यांची असते. त्या टर्ममध्ये माझा एक मुख्य विषय होता, त्याची दर आठवड्याला एक बैठक, आणि एक दुय्यम विषय, त्याची पंधरवड्याला एक. म्हणजे आठ आठवड्यांत बारा निबंध. माझ्या अमेरिकन कॉलेजात अख्ख्या सत्रात एका विषयाचे दोन किंवा तीन निबंध असत. बाकीचे गुण हजेरी, छोट्या चाचण्या आणि वर्गातला सहभाग यांत वाटलेले असत, आणि ‘सहभाग’ म्हणजे तोंड उघडणे, हे तिथला प्रत्येक विद्यार्थी पहिल्याच महिन्यात शिकतो. इथे व्याख्यानांना हजेरी नव्हती, चाचण्या नव्हत्या, कशालाच गुण नव्हते. सोमवारी वीसेक पुस्तकांची आणि लेखांची यादी मिळे, पुढच्या सोमवारी निबंध घेऊन ट्यूटरच्या खोलीत जायचे. ती यादी संपूर्ण वाचायची नसते, त्यातले काय वाचायचे हे ठरवणे हाच अभ्यासाचा भाग असतो, हे कोणीही सांगत नाही. पहिल्या आठवड्यात मी बॉडलियन ग्रंथालय बंद होईपर्यंत बसून चौदा पुस्तके चाळली आणि एकही नीट वाचले नाही.

माझा मुख्य विषय सतराव्या शतकातला इंग्लंड हा होता आणि पहिला निबंध १६४२च्या यादवी युद्धाच्या कारणांवर. अमेरिकन शाळेत निबंधाची एक घट्ट चौकट हाडीमाशी रुजवली जाते: पहिल्या परिच्छेदात सिद्धान्त मांडायचा, मग तीन परिच्छेदांत तीन कारणे, शेवटी तोच सिद्धान्त पुन्हा. मी तसाच निबंध लिहिला होता आणि तो मला मोठ्याने वाचून दाखवायला सांगितले गेले. वाचून झाल्यावर ट्यूटर काही वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “असेही म्हणता येईल.” आणि थोड्या वेळाने, “हे तुला स्वतःला पटले आहे का?” मला ते पटले होते की नाही, याचा मी विचारच केलेला नव्हता. मी फक्त निबंध लिहिला होता. पुढचा पाऊण तास त्यांनी माझी तीन कारणे एकेक करून हातात घेतली, उलटी करून पाहिली आणि अतिशय मऊ आवाजात परत टेबलावर ठेवली. राजाकडे पैसे नव्हते, असे मी लिहिले होते. मग इतकी वर्षे पैसे नसताना युद्ध का झाले नाही, एवढेच त्यांनी विचारले. त्या तासात मी जितकी शिकले तितकी त्याआधी एखाद्या अख्ख्या सत्रात शिकले नसेन, पण हे मला वाटू लागले ते फेब्रुवारीत. त्या दिवशी मी कॉलेजच्या बागेत बसून रडले.

माझ्याबरोबर त्याच ट्यूटोरियलला दुसऱ्या वर्षाची एक इंग्लिश मुलगी असे. ती दर सोमवारी जिना चढताना म्हणे, “माझे काहीही वाचून झालेले नाही, आज माझी फजिती होणार.” मला तिची काळजी वाटे, एकदा तर मी तिला माझी टिपणे देऊ केली. आत गेल्यावर ती, जरा अडखळत, वाक्यावाक्याला “कदाचित” आणि “मला खात्री नाही, पण” म्हणत, मी नावही न ऐकलेल्या एका मूळ साधनाचा आधार देऊन माझा मुद्दा मोडून काढी. मी उलट सांगून बसलेली असे की मी सगळे वाचले आहे. तिसऱ्या आठवड्यात मला उमगले की “काही वाचलेले नाही” याचा अर्थ ‘भरपूर वाचले आहे, पण ते सांगणे बरे दिसत नाही’ असा आहे. आणि तिला, तिने नंतर मैत्री झाल्यावर कबूल केले, माझे “सगळे वाचले आहे” हे वाक्य इतके उद्धट वाटले होते की ते तिने घरी आईला फोनवर सांगितले होते.

त्याच आठवड्यात दुसरा उलगडा झाला. माझ्या निबंधाच्या तळाशी ट्यूटरांनी ‘क्वाइट गुड’ असे लिहिले होते. अमेरिकेत ‘क्वाइट’ने विशेषणाचा जोर वाढतो, मी आनंदाने घरी फोन केला. जोडीदारणीने तो कागद पाहिला आणि शक्य तितक्या हळुवारपणे सांगितले की इंग्लंडमध्ये या दोन शब्दांचा अर्थ ‘ठीक आहे’ असा होतो. मग मी एक यादीच करू लागले. ‘रंजक आहे’ म्हणजे चूक आहे. ‘तू कदाचित याचाही विचार करू शकशील’ म्हणजे हे केल्याशिवाय पुढच्या वेळी येऊ नकोस. ‘एखाद्या दिवशी जेवायला ये’ म्हणजे काहीही नाही. आमच्या घरातल्या बाकीच्या दहा जणांना हा ढोंगीपणा वाटे आणि ते त्यावरून चिडत. मला त्यात नवल वाटेना, याचे श्रेय माझ्या नारायण पेठेतल्या आजोबांना आहे. आजोबांनी आयुष्यात कोणाला ‘नाही’ म्हटलेले मी ऐकले नाही. ते “बघू” म्हणत, आणि ते ऐकून माणूस निमूटपणे चहा संपवून उठे. “या एकदा घरी” असे म्हणून वेळ न सांगणारे लोक मी लहानपणापासून पाहिले होते. मधल्या सात वर्षांत न्यू जर्सीने मला जे विसरायला लावले होते तेच ऑक्सफर्डमध्ये उपयोगी पडत होते.

एक गोष्ट मात्र मला जमली नाही. पेनसिल्व्हेनियात आम्ही शिक्षकांना ‘प्रोफेसर’ आणि पुढे आडनाव असे म्हणत असू. इथे ट्यूटरांच्या ईमेलखाली नुसते नाव, पुढेपुढे तर नावाचे एकच अक्षर असे, आणि सगळे जण त्यांना नावानेच हाक मारत. साठीच्या गृहस्थांना नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ रेटेना आणि ‘सर’ म्हटले की ते कसनुसे होत. तीन टर्म मी त्यांना कोणतेही संबोधन न लावता काढल्या.

प्रत्येक टर्मचा पाचवा आठवडा वाईट, असे ऑक्सफर्डमध्ये मानतात; थकवा साठलेला असतो आणि शेवट दिसत नसतो. २०१८मध्ये माझी अख्खी दिवाळी त्या पाचव्या आठवड्यात आली. धनत्रयोदशीला, ५ नोव्हेंबरला, सगळ्या गावात फटाके उडाले, पण ते १६०५मध्ये संसद उडवण्याचा कट फसल्याच्या आनंदात. नरकचतुर्दशीला अमेरिकेत मध्यावधी निवडणूक होती. माझे आयुष्यातले पहिले मत मी टपालाने आधीच पाठवले होते. निकाल ऐकायला आम्ही रात्रभर जागलो, आणि न्यू जर्सीचे आकडे येईपर्यंत आमच्याकडे लक्ष्मीपूजनाची पहाट व्हायला आली होती. त्या दिवशी दुपारी दुय्यम विषयाचा निबंध द्यायचा होता. तो मी दिला. त्याविषयी अधिक बोलण्यासारखे नाही.

दोन आठवड्यांनी, २२ तारखेला, थँक्सगिव्हिंग आले. इंग्लंडमध्ये तो साधा गुरुवार असतो. त्या दिवशी अमेरिकन विद्यार्थी एकत्र येऊन टर्की भाजतात आणि ब्रिटिश मित्रांना जेवायला बोलावतात, ही परदेशातली ठरलेली रीत आहे. आमच्या घरात तर त्याची तयारी आठवडाभर चालली होती. भोपळ्याचा पाय करायचा तर अमेरिकेत डब्यातला शिजवलेला भोपळा आणतात, तो कुठे मिळेना. काउली रोडवरच्या आशियाई किराणा दुकानात मला लाल भोपळ्याची मोठी फोड मिळाली, शेजारच्या मांडणीवर गूळही मिळाला, आणि मी पायचा नाद सोडून घारगे करायला घेतले. तेल तापले तशी धुराची घंटा वाजली. नियमाप्रमाणे सगळ्या घराला, पाहुण्यांसकट, नोव्हेंबरच्या थंडीत रस्त्यावर उभे राहावे लागले. पंधरा मिनिटांनी लॉजमधून आमचे अपर हेफर्डचे पोर्टर आले, त्यांनी घंटा बंद केली, कढईकडे पाहिले, एक घारगा खाल्ला आणि वहीत कारण म्हणून ‘टोस्ट’ असे लिहिले.

आठवा आठवडा संपला की खोली रिकामी करायची असते, आणि तीही पूर्ण. तेव्हा डिसेंबरमध्ये प्रवेशाच्या मुलाखतींना येणारी शाळकरी मुले त्या खोल्यांत राहत. ब्रिटिश विद्यार्थ्यांचे आईवडील शनिवारी सकाळी गाडी घेऊन येतात, उशा-दिवे-पुस्तके डिकीत भरतात आणि जातात. आमच्या सामानासाठी तळघरातली एक खोली दाखवली गेली. तिचे कुलूप शुक्रवारी चारला बंद होणार होते आणि माझे ट्यूटोरियल पाचला संपणार होते. वर्षात मला खऱ्या अर्थाने परके वाटले ते त्या संध्याकाळी, दोन सूटकेस घेऊन लंडनच्या बसची वाट पाहताना. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. विद्यार्थ्याला जवळपास कुठेतरी घर असतेच, अशा समजुतीवर ती सगळी व्यवस्था उभी होती.

फेब्रुवारीत मी आजारी पडले. ताप चार दिवस उतरेना, तरी मी डॉक्टरकडे जायला तयार नव्हते, कारण अमेरिकेत राहिलेला माणूस दुखण्याआधी बिलाचा विचार करतो. शेवटी लेस्टरच्या मैत्रिणीने हाताला धरून नेले. तपासणी झाली, औषधाची चिठ्ठी मिळाली, आणि मी काउंटरवर जाऊन पैसे किती, असे विचारले तर तिथल्या बाईंना माझा प्रश्नच कळला नाही. औषधाच्या दुकानात ८ पौंड ८० पेन्स द्यावे लागले. पुढे महिनाभर मी इफ्ली रोडच्या पत्त्यावर येणाऱ्या बिलाची वाट पाहत होते.

दुसऱ्या टर्ममध्ये मी ब्रिटिश साम्राज्याच्या इतिहासाचा विषय घेतला होता. तिथे एक वेगळीच गंमत झाली. एकाच तासाच्या चर्चेत माझ्या नव्या जोडीदाराने मला उद्देशून ‘तुमच्याकडे’ हा शब्द दोनदा वापरला, एकदा १७७६संबंधी आणि एकदा १८५७संबंधी. दुसऱ्यांदा म्हटल्यावर तो स्वतःच गोंधळून थांबला. ट्यूटर बाईंनी त्या दिवशीची राहिलेली वीस मिनिटे याच गोंधळावर घालवली: दोन्ही ठिकाणी कर कोणाच्या संमतीने घेतला जात होता, आणि फिलाडेल्फियातल्या व्यापाऱ्याला जे मागता आले ते मेरठच्या शिपायाला का मागता आले नाही. ती माझ्या वर्षातली सर्वांत चांगली वीस मिनिटे होती.

त्याच सुमारास मी ब्रॉड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरची जुनी इंडियन इन्स्टिट्यूटची इमारत नीट पाहिली. तिच्या शिखरावर वारा दाखवणारा हत्ती आहे, आणि तिच्या कोनशिलेचा लेख देवनागरीत, संस्कृतमध्ये आहे. तिथून पुढे मी कॉर्नेलिया सोराबजी यांच्याविषयी वाचत गेले. जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, १८८९मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये आल्या आणि १८९२मध्ये कायद्याची परीक्षा दिली. पण विद्यापीठ स्त्रियांना पदवीच देत नसल्यामुळे ती त्यांच्या हाती पडायला १९२२ उजाडले. त्यांच्याशी स्वतःची तुलना करणे हा शुद्ध आगाऊपणा होईल. तरी रस्त्याच्या कडेला उभे राहून झगे घातलेली मुले पाहिल्याची माझी कुरकुर त्यानंतर बरीच कमी झाली.

गुणांचे प्रकरण वेगळे सांगायला हवे. वर्षभर गुण नसतात, पण टर्मच्या शेवटी ट्यूटर अहवाल लिहितात आणि पाहुण्या विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या अमेरिकन कॉलेजला हवा म्हणून, एक आकडाही देतात. ब्रिटनमध्ये ७०च्या वर गेले की प्रथम वर्ग, ६० ते ६९ वरचा द्वितीय. अमेरिकेत ६२ म्हणजे नापासाच्या उंबरठ्यावर. आमच्या घरातल्या ओहायोच्या मुलाला डिसेंबरात ६२ मिळाले तेव्हा त्याने दोन दिवस खोलीचे दार उघडले नाही, आणि त्याच्या कॉलेजात त्या आकड्याचे बी-प्लस होते हे त्याला कागद दाखवूनही खरे वाटेना. मला ६४ होते. मी बाबांना भीत भीत सांगितले तर ते म्हणाले, “अगं, फर्स्ट क्लास आहे की!” १९८०च्या दशकात पुणे विद्यापीठातून अभियंता झालेल्या माणसाच्या दृष्टीने साठाच्या वर प्रथम वर्ग, विषय संपला. मुंबई विद्यापीठ १८५७मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभे राहिले आणि पुण्याचे पुढे त्यातूनच फुटून निघाले. बाबांचा हिशेब ब्रिटिश हिशेबाशी तंतोतंत जुळत नव्हता, पण माझ्या अमेरिकन सल्लागारापेक्षा त्यांना तो पुष्कळच जवळून कळत होता.

जूनच्या मध्याला आईबाबा आले. अमेरिकन पासपोर्टधारकांना ब्रिटनच्या विमानतळांवरची स्वयंचलित दारे २० मे २०१९पासून खुली झाली होती. बाबा अर्ध्या तासात सामानासकट बाहेर आले. आई, तिच्या भारतीय पासपोर्टसह आणि मार्चमध्येच काढून ठेवलेल्या व्हिसासह, दीड तासाने आली, आणि आल्या आल्या तिने रांगेत ओळख झालेल्या नागपूरच्या बाईंची सगळी हकीकत सांगितली. बाबा म्हणाले, “आता तरी घे नागरिकत्व.” आई म्हणाली, “बघू.”

हाय स्ट्रीटवर तेव्हा परीक्षांचे दिवस होते. काळ्या झग्यावर पांढरे फूल म्हणजे पहिला पेपर, गुलाबी म्हणजे मधले, लाल म्हणजे शेवटचा. शेवटचा पेपर देऊन बाहेर येणाऱ्यांच्या अंगावर मित्र रंगीत कागद आणि पीठ उधळत होते. आईने पीठ पाहून नाक मुरडले आणि मग विचारले, “तुझा झगा कुठे आहे?” मी तिला सगळे समजावून सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली की मग शुल्कातले त्याचे पैसे कापून घ्यायला हवे होते.

शेवटच्या ट्यूटोरियलला ट्यूटरांनी माझा निबंध परत दिला तेव्हा खाली तीनच शब्दांचा शेरा होता, आणि तो मी जिन्यात उभी राहून जोडीदारणीला दाखवला. तिने भुवया उंचावल्या आणि मला मिठी मारली. वर्षभरात तिने माझ्या अंगाला हात लावण्याची ती पहिलीच वेळ होती. जुलैच्या अखेरीस ट्यूटरांचा अंतिम अहवाल पेनसिल्व्हेनियाला पोहोचला. त्यातले शेवटचे वाक्य तेच होते: तिचे या टर्मचे काम ‘मुळीच वाईट नाही’. दुसऱ्याच दिवशी माझ्या सल्लागार प्राध्यापकांचा काळजीचा ईमेल आला. अहवाल जरा निराशाजनक वाटतो, तिकडे शेवटी शेवटी काही बिनसले होते का, आणि मला त्याविषयी मोकळेपणाने बोलायचे आहे का, असे त्यांनी विचारले होते. उत्तरादाखल मला दोन पानांचे पत्र लिहावे लागले.